एका पात्याच्या दोन मुठी

लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या एका ताईंना मी सुरा बनवून दिला होता. पातं मीच घडवलेलं, मूठही माझीच. सात महिन्यांनी त्यांचा फोन आला. त्या वयाने मोठ्या, मला अरेतुरे करतात. म्हणाल्या, "अरे, धार छान टिकते. पण तासाभरात हात भरून येतो. जुन्या सुरीने दिवसभर काम केलं तरी असं होत नाही. मूठ जाड झालीये का रे?"

सुरा परत मागवला आणि तो हातात येण्याआधीच मी नव्या मुठीचे तीन आकार कागदावर काढून ठेवले. हात दुखतो म्हणजे आकार चुकला, हे मला इतकं उघड वाटत होतं की दुसरं काही तपासायचं सुचलंच नाही. सुरा आल्यावर मूठ आवळून पाहिली, हलवून पाहिली. घट्ट वाटली, आवाजही नव्हता. मग दोन दिवस त्या तीन आकारांतच गेले.

तिसऱ्या दिवशी शेंबीवर, म्हणजे मुठीच्या तोंडाशी असलेल्या पितळी कड्यावर, अंगठा पडला आणि कडं किंचित सरकलं. आकाराचे कागद तिथेच बाजूला ठेवले.

पहिली मूठ कशी केली होती

पातं १४० मिलिमीटर लांब, खांद्याशी, म्हणजे पातं संपून शेपूट सुरू होते तिथे, २८ मिलिमीटर रुंद, पाठ साडेतीन मिलिमीटर जाड. पोलाद ५१६० जातीचं, ज्यात कार्बन साधारण ०.६ टक्के आणि थोडं क्रोमियम असतं. तापवून तेलात विझवलेलं, मग ठिसूळपणा जावा म्हणून २०० अंश सेल्सिअसवर दोनदा टेम्पर केलेलं, म्हणजे पुन्हा बेताचं तापवलेलं. मुठीत जाणारी शेपूट ९० मिलिमीटर लांब. खांद्याशी १४ मिलिमीटर रुंद, टोकाकडे निमुळती होत ७ मिलिमीटर.

मुठीसाठी बाभळीची फांदी होती. साल न काढता सावलीत चार महिने पडून होती आणि मी ती वाळलेली धरून चाललो होतो. तिच्यातून १३० × ३४ × २६ मिलिमीटरचे दोन जुळे ठोकळे कापले. एकाची मूठ केली, दुसरा फळीवर ठेवून दिला. ठोकळ्यावर पेन्सिलने तारीख, वजन आणि मापं लिहायची माझी सवय आहे. त्या पेन्सिलीच्या अक्षरांनी पुढे या प्रकरणाचा अर्धा उलगडा केला.

ठोकळ्याच्या टोकातून ४ मिलिमीटरची भोकं शेजारी शेजारी पाडली, मधल्या भिंती ड्रिल हलवून फोडल्या आणि शेपूट सहज आत जाईपर्यंत ती खाच मोठी करत नेली. पाच मिनिटांत आवळणारं एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून वापरायचा गोंद, भरलं, शेपूट दाबली, तोंडावर शेंबी ठोकली. बाहेरून ३० × २५ चा लंबगोल आकार दिला, तेल लावलं. बसवण्याचं सगळं काम एका दुपारी झालं. तेव्हा याचा मला अभिमान वाटला होता.

मूठ फिरते हे कसं मोजलं

मूठ पात्याभोवती फिरते का, हे नुसत्या हाताने कळणं कठीण, कारण हात स्वतःच दबतो आणि वळतो. म्हणून मूठ दोन लाकडी फाळ्यांमध्ये धरून वाइसमध्ये आवळली. पात्याला, खांद्याजवळच, एक हलकी काठी आडवी बांधली. काठीचं टोक पात्याच्या मध्यरेषेपासून ३०० मिलिमीटरवर येईल असं ठेवलं आणि टोकामागे पट्टी उभी केली. एका बोटाने टोक वर-खाली केलं. काहीही जोर न लावता ते ८ मिलिमीटर गेलं आणि मग अडलं.

३०० ला ८ म्हणजे साधारण दीड अंश. धारेपाशी ही हालचाल अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी भरते. डोळ्याला ती दिसत नाही, कानाला ऐकू येत नाही. पण कोरणाऱ्याची बोटं त्याहून बारीक फरक ओळखतात. काप घेताना पातं किंचित कलतं, बोटं ते जाणून मूठ आणखी आवळतात, पुढच्या कापाला आणखी. तासाभरात शंभरेक वेळा असं झालं की हात भरून येणारच. ताईंना मूठ जाड वाटली, कारण दुखरा हात सगळ्यात आधी जाडीवरच बोट ठेवतो. त्या चूक सांगत नव्हत्या. त्यांना जे होत होतं तेच सांगत होत्या. कारण शोधणं माझं काम होतं.

मग कागदाची परीक्षा. साध्या लिहिण्याच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. त्याची बारीक पट्टी शेंबीखाली सरकवली तर एका बाजूला ती १२ मिलिमीटर आत गेली.

आत काय सापडलं

गरम करून मूठ काढता आली असती. घरच्या तापमानाला आवळणारी बरीच एपॉक्सी साठ-सत्तर अंशांच्या पुढे मऊ पडतात, आणि २०० अंशांवर टेम्पर केलेल्या पात्याला तेवढ्या उष्णतेने काही होत नाही. पण मला आतला पुरावा जसाच्या तसा हवा होता. शेंबी बोटांनीच निघून आली. धारेवर जाड कातडं गुंडाळलं, मुठीला दोन्ही बाजूंनी लांबीत करवतीने काप दिला आणि पटाशीने दोन फाका अलग केल्या.

पहिली गोष्ट शेंबीखालीच दिसली होती. मुठीच्या तोंडापासून २२ मिलिमीटर लांब चीर, खाचेच्या कोपऱ्यातून निघून थेट बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत गेलेली. शेंबीने ती पूर्ण झाकली होती. तोंड फुटू नये म्हणून बसवलेलं कडं, आणि त्याच्याच आड तोंड फुटलेलं. हे पाहून मला खरंच वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट जास्त बोलकी. एपॉक्सी शेपटीवरून अखंड सुटलं, साच्यातून निघावं तसं. त्याचा आतला एक पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होता. दुसऱ्या पृष्ठभागावर पोलादाच्या काळ्या खपल्या चिकटलेल्या होत्या. गोंद मधून तुटला असता तर दोन्ही बाजूंना त्याचे तुकडे राहिले असते. इथे गोंद धडधाकट होता, त्याने धरलेलं काही पक्कं नव्हतं. एका बाजूला विझवताना जळलेल्या तेलाचा पातळ थर होता, दुसऱ्या बाजूला भट्टीतली खपली. गोंदाने खपली घट्ट धरली आणि खपलीने पोलाद सोडलं. पातं मी आरशासारखं घासलं होतं. शेपूट कुणाला दिसणार नाही म्हणून तशीच ठेवली होती.

तिसरी गोष्ट म्हणजे शेपटीवर खांद्यापासून ३० मिलिमीटरपर्यंत तांबूस गंजाची भुकटी. खळगे पडलेले नव्हते, पण आणखी वर्षभर असंच चाललं असतं तर पडले असते. पाणी चिरेतून आत शिरत होतं आणि अरुंद फटीत अडकून वाळत नव्हतं.

भोक मोठं झालं नव्हतं

अशा वेळी सगळे एक वाक्य म्हणतात: लाकूड आक्रसलं, भोक मोठं झालं, मूठ सैल झाली. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो. ते चूक आहे, आणि चूक कुठे आहे हे कळल्यावरच मला दुसरी मूठ नीट करता आली.

फुग्यावर पेनाने वर्तुळ काढा आणि हवा सोडा. फुगा लहान होतो तसं वर्तुळही लहान होतं. लाकडातलं भोकही तसंच वागतं. लाकूड आक्रसलं की भोकही आक्रसतं, शेपटीला जास्त आवळायला बघतं. पण आत पोलाद आणि कडक गोंद आहे, ते दबत नाहीत. मग ताण लाकडातच साठतो, भोकाभोवती गोल, आणि लाकूड जिथे सगळ्यात दुबळं तिथे, तंतूंच्या दिशेने, फाटतं. फाटल्यावर पकड जाते. बाहेरच्या कड्याची गोष्ट याच्या उलट. लाकूड कड्याच्या आत आहे, ते आक्रसलं की कडं सरळ सैल पडतं. म्हणजे ज्या वेळी तोंड फाटायला निघालं होतं नेमक्या त्याच वेळी त्याला आवळून धरणारी शेंबी ढिली झाली होती.

आता प्रश्न एवढाच की लाकूड आक्रसलं किती. फळीवरचा जुळा ठोकळा काढला. त्यावर लिहिलेलं वजन १०४ ग्रॅम होतं. आता काट्यावर ९२ भरलं. त्याचा १०.९ ग्रॅमचा पातळ काप घेऊन १०३ अंशांच्या भट्टीत वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवला. उरले १०.० ग्रॅम. म्हणजे आज त्या ठोकळ्यात ९ टक्के ओल होती. त्या हिशोबाने पूर्ण कोरडा ठोकळा सुमारे ८४.४ ग्रॅमचा, आणि मूठ बनवली त्या दिवशी ओल होती तब्बल २३ टक्के.

लाकूड ओलं असताना पाणी आधी पेशींच्या पोकळीतून जातं, तोपर्यंत मापं बदलत नाहीत. ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली आली की पेशींच्या भिंतींमधलं पाणी जाऊ लागतं आणि लाकूड आक्रसायला लागतं. माझा ठोकळा आक्रसण्याच्या प्रवासात जेमतेम पाव वाट चालून आला होता, आणि मी त्याची मूठ करून पोलादावर कायमची चिकटवली होती. चार महिने हा आकडा मनाला पुरेसा वाटतो, पण सालीसकट फांदी फार हळू सुकते. पाणी मुख्यतः दोन टोकांतूनच बाहेर पडतं. कापलेल्या लाकडासाठीसुद्धा इंचभर जाडीला वर्षभर हवेत, असा सुतारांचा ढोबळ ठोकताळा आहे.

मापंही तेच सांगत होती. ३४ ची बाजू ३३ झाली होती, २६ ची २५.६. एका बाजूला तीन टक्के, दुसऱ्या बाजूला दीड. हा फरक नेहमीचा आहे. लाकूड वाढीच्या वलयांच्या वळणाने जितकं आक्रसतं, त्याच्या जवळपास निम्मंच गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेत आक्रसतं, आणि लांबीत तर जवळजवळ नाहीच. माझ्या पहिल्या मुठीत शेपटीची १४ मिलिमीटरची रुंद बाजू नेमकी जास्त आक्रसणाऱ्या दिशेत आली होती. ठोकळा कसा फिरवून धरायचा याचा मी विचारच केला नव्हता. ज्या बाजूला रंग सुंदर दिसत होता ती बाजू वर घेतली होती.

दुसरी मूठ: काय नाकारलं, काय घेतलं

शेपूट वेल्डिंगने लांबवून मुठीच्या बुडातून बाहेर काढायची आणि ठोकून रिव्हेटसारखी चपटी करायची, हा मोह मोठा होता. ती रचना भक्कम असते. पण वेल्डिंगची उष्णता, सांध्याजवळचं कडक झालेलं पोलाद, ते पुन्हा मऊ करणं, हे सगळं एका चांगल्या पात्यावर करायला मन घेईना. दोन्ही बाजूंनी फळ्या लावून रिव्हेट मारायचे तर शेपूट मुठीएवढी रुंद हवी, ती नव्हती.

शेवटी ठोकळा लांबीत दोन फाळ्यांत चिरायचा, एका फाळीत शेपटीच्या नेमक्या आकाराची खाच पटाशीने कोरायची आणि फाळ्या पुन्हा जोडायच्या असं ठरवलं. आंधळ्या भोकात काय चाललंय ते दिसत नाही. बुडाशी हवा कोंडते, ती गोंद बाहेर ढकलते आणि वरून सगळं भरल्यासारखं भासतं. चिरलेल्या ठोकळ्यात शेपूट लाकडाला कुठे टेकते आणि कुठे नाही ते उघड दिसतं. जोडाची रेघ बाहेरून दिसेल, हे मी आधीच ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "दिसू दे. हलायला नको एवढंच बघ."

लाकूड शिसवीचं घेतलं, मोडलेल्या जुन्या खुर्चीचा पाय. कित्येक वर्षं घरात राहिलेलं लाकूड घरातल्या हवेशी कधीच जुळून गेलेलं असतं. तरीही काप काढून वाळवून तपासलं: ९ टक्क्यांच्या आसपास. हवेतली आर्द्रता ५० टक्के असते तेव्हा लाकूड साधारण याच आकड्यावर स्थिरावतं; ८० टक्के आर्द्रतेत ते १६ पर्यंत चढतं. म्हणजे मूठ यापुढेही थोडी फुगणार, थोडी आक्रसणार. ही हालचाल थांबवता येत नाही, फक्त कुठल्या दिशेत होऊ द्यायची ते ठरवता येतं. यावेळी टोकावरची वलयं भिंगाने पाहून ठोकळा असा फिरवला की शेपटीची रुंदी कमी आक्रसणाऱ्या दिशेत येईल. जास्त हालचालीची दिशा शेपटीच्या जाडीकडे गेली. जाडी साडेतीन मिलिमीटर, तिथे तीन टक्के म्हणजे काहीच नाही.

शिसवी घासताना तोंडावर चांगला मास्क हवा. तिच्या भुशाने काहींच्या कातडीला आणि श्वासाला त्रास होतो.

शेपटीचं काम आधी केलं. खपली आणि गंज कानसीने पूर्ण काढला, स्वच्छ पोलाद दिसेपर्यंत. खांदा आणि शेपूट मिळतात तो आतला कोपरा भिंगाखाली पाहिला, कारण तीक्ष्ण कोपऱ्यात ताण गोळा होतो आणि पाती नेमकी तिथेच मोडतात. चीर नव्हती, पण कोपरा हवा तसा गोल नव्हता. गोल कानसीने दोन मिलिमीटर त्रिज्येचा केला. मग पातं पाण्यात बुडवून ठेवलं आणि शेपूट गॅसच्या टॉर्चने निळसर होईपर्यंत तापवली. तो रंग ३०० अंशांच्या आसपास येतो आणि तेवढ्याने पोलाद ड्रिलसाठी थोडं मऊ पडतं. खांद्यापासून ३२ मिलिमीटरवर आरपार भोक पाडलं: ४ मिलिमीटरच्या पितळी खिळीसाठी ४.२ चं.

खाच कोरण्यात पाच तास गेले, आणि माझ्या मते या मुठीचं सगळं बळ त्या पाच तासांत आहे. शेपूट फाळीवर ठेवून धारदार पात्याने कडा आखल्या. खाच मुद्दाम थोडी अरुंद, थोडी उथळ धरली. मग शेपटीला दिव्याची काजळी लावायची, खाचेत दाबायची, उचलायची. काळा डाग पडला तिथे लाकूड टेकतं, तेवढंच पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. आधी दोन-तीन ठिपके दिसतात, मग पट्टे, आणि शेवटी जवळजवळ सगळी खाच करडी होते. खांद्याजवळच्या गोल कोपऱ्यासाठी खाचेच्या तोंडालाही तशीच गोलाई द्यावी लागते, नाहीतर खांदा लाकडाला टेकतच नाही आणि केसाएवढी फट कायम राहते. काम संपल्यावर काजळी ब्रशने आणि ॲसिटोनने पुसली.

मी स्वतःला घातलेली अट अशी होती: गोंदाचा थेंबही न लावता दोन फाळ्या नुसत्या शिकंज्यात धरायच्या, पात्याला तीच काठी बांधायची, आणि टोक हलता कामा नये. पहिल्यांदा ते दोन मिलिमीटर हललं. बुडाकडे खाच रुंद झाली होती. तिथे शिसवीचीच कागदासारखी पातळ चिपळी चिकटवून पुन्हा काजळीचा खेळ केला. मग टोक हललं नाही.

ही अट मी आता सोडणार नाही. गोंदाने पोकळ्या भरायच्या, पाणी अडवायचं, गंज रोखायचा. पातं धरून ठेवायचं काम लाकडाच्या घट्ट खाचेचं आणि खिळीचं. पहिल्या मुठीत मी हे सगळं ओझं एकट्या गोंदावर टाकलं होतं, तेही घाणेरड्या पोलादावर.

शेंबी यावेळी लावली नाही. शेंबीचं खरं काम शेपूट ठोकून बसवलेल्या मुठीत असतं, जिथे शेपूट पाचरीसारखी लाकूड फाकवते. इथे शेपूट ठोकायचीच नव्हती. कोरड्या लाकडावर कडं घट्ट बसवलं तर दमट हवेत लाकूड त्यात फुगून स्वतःच चेपतं आणि पुन्हा वाळल्यावर आधीपेक्षा लहान होतं. हातोड्याचा सैल दांडा पाण्यात भिजवून घट्ट करणाऱ्यांना हा अनुभव नेहमी येतो: आज घट्ट, वाळल्यावर आधीपेक्षा ढिला. शिवाय मला तोंड उघडं हवं होतं. चीर पडलीच तर ती दिसली पाहिजे.

एपॉक्सी यावेळी चोवीस तासांचं. लवकर आवळणारी बहुतेक एपॉक्सी पाण्यापुढे जरा दुबळी ठरतात, आणि घाईचं तिथे कारणही नव्हतं. शेपूट ८० नंबरच्या पॉलिशपेपरने आडवी-उभी खरडली. शिसवीत स्वतःचं तेल असतं, ते गोंदाच्या आड येतं, म्हणून लाकूडही चिकटवण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसलं. तास-दोन तास आधी पुसलं तर तेल पुन्हा वर येतं. दोन भाग वजन करून, भांड्याच्या कडा खरवडत मिसळले. खाच, शेपूट आणि दोन्ही फाळ्यांना पातळ थर दिला, खिळी आरपार घातली आणि शिकंजे लावले, पण गोंद कडेने बारीक मण्यांसारखा दिसेल एवढेच आवळले. त्याहून जोर दिला तर सगळा गोंद बाहेर येतो आणि जोड कोरडा राहतो. पात्यावर आलेला गोंद ओला असतानाच स्पिरिटच्या फडक्याने पुसला. चोवीस तासांनी घासायला सुरुवात केली, पण सुरा ताईंकडे आठवड्यानंतरच पाठवला. पूर्ण बळ यायला एपॉक्सी साधारण तेवढा वेळ घेतं.

आकार, शेवटी

तीन आकारांचे कागद आता कामाला आले, पण वेगळ्या अर्थाने. पहिली मूठ मधोमध ३० × २५ होती, जवळजवळ गोल. गोल मूठ हातात निसटून फिरायला बघते आणि डोळे मिटले तर धार कुठे आहे ते बोटांना कळत नाही. मूठ आत शेपटीभोवती फिरत होती हा मुख्य दोष, पण बाहेरचा आकार त्याला आवर घालायलाही मदत करत नव्हता. नवी मूठ ३३ × २१ केली. दोरा गुंडाळून घेर मोजला तर दोन्हींचा जवळपास सारखाच, ८६ मिलिमीटर. म्हणजे हाताला भरणारं माप बदललं नाही, फक्त ते चपटं झालं. ताईंनी जुन्या सुरीची मूठ सोबत पाठवली होती. तीही अशीच चपटी निघाली.

पाठीच्या बाजूला, जिथे त्या अंगठा ठेवून ढकलतात, तिथे उथळ सखलपणा दिला. बुडाशी थोडा फुगार, ओढताना हात सटकू नये म्हणून. बोटांसाठी खळगे केले नाहीत. खळगे एकाच पकडीला बसतात आणि कोरणारा माणूस तासाभरात चार-पाच पकडी बदलतो. तोल मुठीच्या तोंडापासून अर्धा सेंटिमीटर मागे, तर्जनीखाली आला.

पॉलिशपेपर ८० पासून २४० पर्यंत, मध्ये दोनदा ओल्या फडक्याने पुसून उठलेले तंतू पुन्हा घासले. २४० च्या पुढे गेलो नाही; त्यानंतर लाकूड चकाकतं आणि हातात निसरडं होतं. जवसाच्या तेलाचे चार पातळ हात, प्रत्येक वेळी जास्तीचं तेल पुसून आणि एक दिवस थांबून. मुठीच्या तोंडाला आणि बुडाला, म्हणजे जिथे तंतूंची कापलेली टोकं उघडी असतात तिथे, त्याआधीच पातळ एपॉक्सी पाजलं होतं. पाणी सगळ्यात वेगाने तिथूनच शिरतं. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून फेकू नयेत. तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

नंतर

पाठवण्याआधी काठीची परीक्षा पुन्हा केली. टोक हललं ते फक्त काठीच्या स्वतःच्या लवचिकतेने. बोट काढताच जागेवर आलं, मोकळी हालचाल कुठेच नव्हती. कागदाची पट्टी कुठेही शिरली नाही.

ताईंना फक्त एवढंच सांगितलं की तासभर काम करा आणि कळवा. त्यांनी तीन दिवसांनी कळवलं. "मूठ बारीक केलीस ते बरं केलंस," म्हणाल्या. घेर तोच आहे हे सांगितल्यावर त्या बराच वेळ गप्प होत्या, मग त्यांनीही दोरा घेऊन मोजून पाहिलं.

त्यानंतर सुऱ्याने दमट महिने पाहिले आणि कोरडेही. मधे एकदा मी तो तपासायला मागून घेतला. तोंड अखंड, जोडाची रेघ बंद, काठी स्थिर. एक गोष्ट मात्र बदललेली आढळली. कोरड्या हवेत पितळी खिळीची दोन्ही टोकं लाकडाबाहेर केसभर वर आली होती. डोळ्याला दिसत नव्हती, नखाला लागत होती. हे मीच ओढवून घेतलं होतं. जास्त आक्रसणारी दिशा मी शेपटीच्या रुंदीतून काढून मुठीच्या जाडीत टाकली होती, आणि खिळी नेमकी त्याच दिशेत आरपार जाते. लाकूड तिच्या दोन्ही बाजूंनी थोडं मागे सरतं, पितळ जागेवर राहतं.

कानस हातात घेतली होती, पण घासलं नाही. आता सपाट केलं तर दमट हवेत लाकूड फुगेल आणि तिथे खळगा पडेल, पाणी थांबायला जागा होईल. ताईंना विचारलं, टोचतं का. त्या म्हणाल्या की बोट तिथे पडतच नाही. फक्त टोकांच्या कडा बारीक पॉलिशपेपरने गोल केल्या, तेलाचा एक हात दिला आणि सुरा परत पाठवला.